टँगोची रात्र आणि खानदेशचा कापूस

टँगो हा नाचाचा एक प्रकार आहे. दक्षिण अमेरिकेंतील ब्वेनोस आयरिस व माँटेव्हिडिओ ह्या दोन बंदरांत तो जन्मास आला, पॅरिस व लंडन येथील श्रीमंतांच्या दिवाणखान्यांत त्यानें प्रवेश मिळविला, आणि पहिल्या महायुद्धानंतरच्या काळांत मुंबईच्या ताजमहाल हॉटेलांतील भोजनाच्या मेजवान्यांतून त्याची लय ऐकूं येऊं लागली. ही हकीगत ऐकून जळगांव किंवा धुळें येथील एखादा गृहस्थ सहज विचारील कीं, साहेबांच्या ह्या नाचाशीं आपला संबंध तो काय? आपल्याकडील रात्र भजनाची, कीर्तनाची, फार तर नाटकाची किंवा तमाशाची. प्रश्न रास्त आहे. परंतु एखाद्या रात्रीचा इतिहास सांगावयाचा तर ती कोणी उपभोगिली एवढें पाहून भागत नाहीं. ती कोणाच्या पैशानें उभी राहिली, कोणाच्या हातांनीं सजली आणि शेवटीं तिच्यांतून कोणाच्या घरीं काय गेलें, हेंहि पाहावें लागतें. तसें पाहूं गेल्यास ताजमधील टँगोच्या रात्रीचें एक टोंक खानदेशच्या काळ्या जमिनींत रुतलेलें आढळतें.

आरंभ कापसापासून करावयास हवा. १८१८ सालीं खानदेश इंग्रजांच्या हातीं आला तेव्हां हा मुलूख लुटालुटीनें ओस पडलेला होता. कॅप्टन जॉन ब्रिग्ज यांनीं धुळें हें कारभाराचें मुख्य ठिकाण केलें व तेथें नवी पेठ वसविली. जळगांवचें भाग्य उघडलें तें मात्र साता समुद्रांपलीकडील एका युद्धानें. १८६१ सालीं अमेरिकेंत यादवी युद्ध पेटलें. दक्षिणेकडील राज्यांचीं बंदरें उत्तरेच्या आरमारानें अडविलीं, अमेरिकन कापूस येईनासा होऊन लँकेशायरच्या गिरण्या थंडावल्या, आणि विलायती दलालांची नजर गुजरात, वऱ्हाड व खानदेश इकडे वळली. ह्याच सुमारास ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेचा लोहमार्ग चाळीसगांव, पाचोरें, जळगांव, भुसावळ असा खानदेशांतून पुढें सरकत होता. १८६५ सालीं थळ घाटांतील मार्ग खुला झाला आणि बैलगाडीनें घाट उतरण्याचे सायास चुकवून खानदेशचा कापूस थेट मुंबईस पोहोंचूं लागला. जळगांव ही कापसाची मोठी पेठ बनली. पुढें १९०६ सालीं खानदेशचे पूर्व व पश्चिम असे दोन जिल्हे झाले, तेव्हां पूर्व खानदेशचें मुख्य ठिकाण होण्याचा मान जळगांवास मिळाला तो मुख्यतः ह्या पेठेमुळें व रेल्वेमुळें.

हा कापूस मुंबईंत जाई तो कुलाब्याच्या बाजारांत. तेथील मोकळ्या मैदानावर गांठींच्या राशी रचलेल्या असत. विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकांत हा बाजार शिवडीकडे हलविला गेला. तोंपर्यंत अपोलो बंदराकडे जाणाऱ्या वाटसरूस कापसाची पेठ दूर नव्हती. अमेरिकन युद्धाच्या चार वर्षांत मुंबईंत सोन्याचा पूर आला, आणि १८६५ सालीं युद्ध संपतांच भाव कोसळून अनेक पेढ्या बुडाल्या. तरुण जमशेटजी टाटा त्या वेळीं कापसाच्याच व्यवहारासाठीं विलायतेंत होते. घरच्या पेढीस बसलेला धक्का त्यांनीं प्रत्यक्ष अनुभविला. कच्चा कापूस परदेशीं धाडून दुसऱ्याच्या बाजारभावावर जगण्यापेक्षां तो पिकतो त्या प्रांतांतच कांतावा, ह्या धोरणानें त्यांनीं पुढें नागपुरास एम्प्रेस मिल काढली. १ जानेवारी १८७७ रोजीं ती सुरू झाली. मुंबईहून ह्या गिरणीकडे जाणारा लोहमार्ग खानदेशच्या शिवारांतूनच जातो.

अशा रीतीनें कापसावर पोसलेल्या शहरांत जमशेटजींनीं स्वतःच्या पैशानें ताजमहाल हॉटेल बांधण्यास घेतलें. सीताराम खंडेराव वैद्य हे मराठी वास्तुशिल्पज्ञ व त्यांचे सहकारी डी. एन्. मिर्झा यांनीं आराखडा तयार केला. वैद्य यांचें मध्येंच निधन झाल्यावर डब्ल्यू. ए. चेंबर्स यांनीं काम पुढें नेलें. १६ डिसेंबर १९०३ रोजीं हॉटेल उघडलें तेव्हां इमारत पुरी झालेली नव्हती आणि पाहुणे अवघे सतरा होते. विजेचे दिवे, अमेरिकन पंखे, जर्मन पाळणे, तुर्की पद्धतीचें स्नानगृह असा थाट मात्र मुंबईनें पूर्वीं पाहिला नव्हता. जमशेटजींस ह्या वास्तूचें वैभव फार दिवस पाहावयास मिळालें नाहीं. १९०४ च्या मे महिन्यांत जर्मनींत त्यांचें देहावसान झालें. पहिल्या महायुद्धांत ह्याच इमारतींत सहाशें खाटांचें रुग्णालय होतें. गेट वे ऑफ इंडियाची कमान तर तिच्यापुढें १९२४ सालीं पुरी झाली. म्हणजे मुंबईचें हें प्रवेशद्वार हॉटेलाहून सुमारें एकवीस वर्षांनीं धाकटें आहे!

इकडे मुंबई कापसावर वाढत होती, त्याच काळांत तिकडे दक्षिण अमेरिकेंत ब्वेनोस आयरिस हें बंदर लोकर, गहूं व मांस ह्यांच्या निर्यातीवर वाढत होतें. १८८० पासून पहिल्या महायुद्धापर्यंत इटली व स्पेन येथून लक्षावधि माणसें पोटासाठीं त्या बंदरांत उतरलीं. एकेका जुन्या वाड्याच्या खोल्या पाडून त्यांत अनेक बिऱ्हाडें कोंबलेलीं असत. मुंबईच्या चाळींची आठवण व्हावी अशीच ती वस्ती. आलेल्यांत एकटे पुरुष फार. घर, बायकामुलें, गांव सारें समुद्रापलीकडे राहिलेलें. ह्या वस्त्यांत आफ्रिकेंतून पूर्वीं गुलाम म्हणून आणलेल्या लोकांचे ताल, क्यूबा बेटावरून आलेली हाबानेरा नांवाची चाल, गुराख्यांचीं गाणीं आणि इटालियन गळ्याची आर्तता हीं एकत्र आलीं, आणि त्यांतून टँगो घडला. वॉल्ट्झ ह्या युरोपियन नाचांत जोडपें भोंवऱ्यासारखें फिरत राहतें. टँगोंत तें चालतें. चार पावलें संथ टाकावींत, एकाएकीं थबकावें, पाय वळवावा आणि पुन्हा चालूं लागावें, अशी त्याची रीत.

त्याचें मुख्य वाद्य बँडोनिऑन. हें जर्मनींतील क्रेफेल्ट गांवच्या हाइनरिश बांड नांवाच्या वाद्यविक्रेत्याच्या नांवानें ओळखलें जातें. गरीब खेड्यांत भक्तिगीतांच्या साथीस त्याचा उपयोग होई. खलाशांबरोबर तें समुद्र ओलांडून गेलें आणि तिकडे विरहगीतांचें प्राण बनलें. मराठी माणसास ह्यांत नवल वाटण्याचें कारण नाहीं. आपली बाजाची पेटी ही ह्याच कुळांतली. पॅरिसमध्यें आलेक्सांद्र दबें यांनीं १८४२ सालीं हार्मोनियमचा हक्क नोंदविला. पुढें कलकत्त्यास द्वारकानाथ घोष यांनीं तें वाद्य मांडी घालून हातानें वाजवितां येईल असें केलें, आणि मग तें कीर्तनांत, भजनांत व संगीत नाटकांत असें शिरलें कीं, तें परदेशी आहे ह्याचा विसर पडावा. दोन्ही वाद्यांत भात्याच्या वाऱ्यानें धातूच्या पट्ट्या थरथरतात. दोन्हीं वाद्यें युरोपांत जन्मलीं व परमुलखांत नांवारूपास आलीं.

टँगो ब्वेनोस आयरिसमध्यें तरी प्रतिष्ठित होता काय? मुळींच नाहीं. तेथील खानदानी घरांत त्याचें नांव काढणें अप्रशस्त समजत. परंतु त्याच घरांतील तरुण पॅरिसला गेले आणि त्यांनीं तो तिकडील मंडळींस शिकविला. १९१३ सालीं पॅरिस व लंडन येथें टँगोची सांथच पसरली. लंडनच्या हॉटेलांतून दुपारच्या चहाबरोबर टँगोचे मेळावे भरूं लागले. त्याच वर्षाच्या नोव्हेंबरांत जर्मन बादशहा दुसरा विल्हेल्म यानें गणवेषांतील लष्करी अधिकाऱ्यांस हा नाच नाचण्याची मनाई केली, आणि पुढच्या जानेवारींत पॅरिसच्या आर्चबिशपांनीं त्याचा निषेध केला. मनाईनें कुतूहल वाढतें हा अनुभव तेथेंहि आला. पॅरिसनें मान डोलाविली, तेव्हां कोठें ब्वेनोस आयरिसच्या खानदानी मंडळींस आपल्याच गल्लींतील नाच गोड लागला!

आपली लावणी ह्याच वाटेनें गेलेली आहे. रामजोशी व होनाजी बाळा यांच्या काळीं ती वाड्यांत पोहोंचली, शेवटच्या बाजीरावाच्या पदरीं तिला मान मिळाला, आणि पेशवाई जातांच ती पुन्हा उघड्या माळावर आली. रसिकांनीं तिचा आस्वाद घेतला. पण ती गाणाऱ्या व नाचणाऱ्या घराण्यांस पंक्तीस घेतलें नाहीं. कला दिवाणखान्यांत आणि कलावंत उंबऱ्याबाहेर, हा व्यवहार कोण्या एका देशाचा नव्हे.

पहिलें महायुद्ध आटोपल्यावर इंग्लंडांतील नृत्यशिक्षकांनीं टँगोस आपल्या शिस्तींत बसविलें, आणि वॉल्ट्झ व फॉक्सट्रॉट ह्यांच्या जोडीनें तो साम्राज्यांतील मोठ्या बंदरांत पोहोंचला. मुंबईंत त्याचें मुख्य ठिकाण हॉटेलें व क्लब हें होतें. त्या काळच्या अशा रात्रींचा क्रम ठरलेला असे. पुरुष काळ्या कोटांत, स्त्रिया रेशमी झग्यांत. एका बाजूस वाद्यवृंदाची उंच बैठक, मध्यें गुळगुळीत लाकडी जमीन, भोंवतीं मेजें. पहिलें ताट येई, तें उचलून नेईपर्यंत एखादा नाच होई. मग दुसरें ताट, पुन्हा नाच. मेजांवर इंग्रज अधिकारी व व्यापारी, संस्थानिक, धनिक पारशी आणि अलीकडे विलायतेहून शिकून आलेले कांहीं हिंदी तरुण. मराठी मध्यम वर्गाचें पाऊल तेथें क्वचितच पडे. परक्यांच्या देखत पतिपत्नींनीं हातांत हात घालून नाचणें ही कल्पनाच आपल्या घरांस मानवणारी नव्हती, आणि एका रात्रीचा खर्च तर लहान शाळेंतील शिक्षकाच्या मिळकतीस पेलणारा नव्हता.

खानदेशांत ह्या प्रकाराची पुसट छाया पडली असेल तर ती रेल्वेच्या वसाहतींत. भुसावळसारख्या मोठ्या जंक्शनवर युरोपियन व अँग्लो-इंडियन नोकरांची स्वतंत्र वस्ती असे, आणि रेल्वेच्या इन्स्टिट्यूटांतून नाताळांत व नववर्षास नाच होत. पण त्या कुंपणापलीकडे पेठेंतील माणसास काम होतें तें मालधक्क्यावर, नाचघराकडे नव्हतें.

आतां ताजमधील त्या उंच बैठकीकडे वळावें. मेजांवरील मंडळींचीं नांवें वर्तमानपत्रांतून येत. वाजविणारे कोण होते? १९३५ सालीं लिऑन ॲबी हे निग्रो वादक आपला वाद्यवृंद घेऊन ताजमध्यें आले. त्यांच्यामागून क्रिकेट स्मिथ व टेडी वेदरफर्ड आले. स्वतःच्या देशांत वर्णद्वेषामुळें ज्यांना कित्येक हॉटेलांत पाहुणा म्हणून शिरतां येत नसे, त्यांच्या जॅझ संगीतावर मुंबईचे उच्चभ्रू लोक डोलत होते. परंतु सदासर्वदा साथ करणारे, रोज रात्रीं फॉक्सट्रॉट, वॉल्ट्झ व टँगो वाजविणारे हात बहुतांशीं गोमंतकीय ख्रिस्ती वादकांचे होते. पोर्तुगीज अमलांत गोव्याच्या चर्चांशीं जोडलेल्या शाळांतून मुलांस व्हायोलिन व विलायती स्वरलेखन हीं शिकविलीं जात. शेतीवर पोट भरेना, तेव्हां हींच मुलें मोठीं होऊन मुंबईस येत व धोबी तलाव, माझगांव ह्या भागांतील 'कुडां'त राहत. कूड म्हणजे एकेका गांवच्या मंडळींनीं चालविलेलें स्वस्त निवासस्थान. त्यांत एक पेटी ठेवण्यापुरती जागा, सायंकाळीं सामुदायिक प्रार्थना, आणि नोकरी लागेपर्यंत गांवकऱ्यांचा आधार. मिकी कोरिया यांच्या वाद्यवृंदानें १९३९ च्या सुमारापासून सुमारें दोन दशकें ताज गाजविलें. स्वयंपाकघरांतहि तोच प्रकार. ताजच्या मुदपाकखान्याचे पहिले हिंदी प्रमुख म्हणून ज्यांचें नांव घेतलें जातें ते मिगेल मास्करेन्हास ऊर्फ 'मास्की' हेहि गोमंतकीयच. नाच व भोजन ह्या दोहोंचा भार असा एका लहानशा किनारपट्टीनें वाहिलेला आहे.

सिनेमा बोलूं लागल्यावर ह्या वादकांस दुसरें दार उघडलें. १९३१ सालीं 'आलम आरा' व १९३२ सालीं 'अयोध्येचा राजा' हे बोलपट आले, आणि पुढें प्रत्येक चित्रपटास पांचपन्नास वादकांचा ताफा लागूं लागला. आपल्याकडील संगीतकार चाल तोंडानें सांगत; ती कागदावर उतरवून प्रत्येक वाद्याचा भाग वांटून देण्याची विद्या गोमंतकीयांजवळ होती. १९५० सालीं मुंबई राज्यांत संपूर्ण दारूबंदी लागू झाली. गरीब कुटुंबांच्या हिताच्या दृष्टीनें घेतलेल्या ह्या निर्णयानें हॉटेलांतील नाचाच्या रात्रींस मात्र ओहोटी लागली, आणि अनेक वादक रात्रीचें काम सोडून ध्वनिमुद्रणगृहांकडे वळले. पुणतांब्याचे रामचंद्र चितळकर, म्हणजे सी. रामचंद्र, यांनीं १९५१ च्या 'अलबेला' चित्रपटांत चिक चॉकलेट ह्या टोपणनांवानें गाजलेल्या आल्डोनच्या ट्रंपेटवादकाचें साह्य घेतलें. सेबॅस्टियन डिसूझा, फ्रँक फर्नांड, अँथनी गोन्साल्विस ह्यांनीं असंख्य गीतांचे वाद्यमेळ रचले. पडद्यावर मात्र त्यांचीं नांवें बहुधा झळकत नसत. गोन्साल्विस यांच्या बाबतींत शिष्यानें थोडी भरपाई केली. त्यांच्यापाशीं व्हायोलिन शिकलेले संगीतकार प्यारेलाल यांच्यामुळें १९७७ सालच्या 'अमर अकबर अँथनी'तील नायक त्यांच्याच नांवानें गाऊं लागला. तें गाणें देशभर झालें. तें नांव एका खऱ्याखुऱ्या गुरूचें आहे, हें मात्र ऐकणाऱ्यांतील थोड्यांनाच ठाऊक होतें.

आतां हिशेब पुन्हा खानदेशांत येतो. कापूस मुंबईस गेला तो गांठींनीं. मुंबईहून परत आलें तें ध्वनिमुद्रिकांतून, चित्रपटगृहांतून व नभोवाणीवरून. जळगांवास संगीत नवें नव्हतें. नारायण राजहंस, म्हणजे पुढील बालगंधर्व, हे लहानपणीं येथें राहिले व मेहबूबखान यांच्यापाशीं गाण्याचे धडे घेतले. टँगोनें लंडन गाजविलें त्याच १९१३ सालीं त्यांची गंधर्व नाटक मंडळी निघाली, आणि तिच्या प्रयोगांस साथ होती ती विलायती ऑर्गनची. ज्या नभोवाणीनें १९४० पासून १९७१ पर्यंत परकी म्हणून पेटीस आपल्या केंद्रांतून दूर ठेविलें, तीच घरोघरीं विलायती वाद्यमेळाचीं चित्रपटगीतें पोहोंचवीत होती. त्या व्हायोलिनांची व ट्रंपेटांची संवय कानांस लागली. ज्यांनीं ताजचा उंबरा कधीं ओलांडला नाहीं, अशा हजारों घरांत त्या रात्रींचा संगीताचा अंश अशा आडवाटेनें येऊन पोहोंचला.

आणि कापसाच्या शेतांत त्याच वर्षांत काय चाललें होतें? जळगांवनजीक असोद्यास जन्मलेल्या बहिणाबाई चौधरी शेतांत राबतां राबतां व जात्यावर दळतां दळतां ओव्या रचीत होत्या. त्यांस लिहितां येत नव्हतें. मुलगा सोपानदेव व इतर घरच्यांनीं जेवढें टिपून ठेविलें तेवढें वांचलें. १९५१ सालीं बहिणाबाई गेल्या, आणि पुढच्या वर्षीं आचार्य अत्रे यांच्या पुढाकारानें त्यांचीं गाणीं पुस्तकरूपानें बाहेर आलीं. १९६१ सालीं 'मानिनी' ह्या मराठी चित्रपटांत वसंत पवार यांच्या संगीतांत तीं गाइलीं गेलीं. कापूस वेंचणाऱ्या हातांची ओवी अखेर मुंबईच्या ध्वनिमुद्रणगृहांत पोहोंचली. ज्या शहराला त्या कापसानें मोठें केलें त्याच शहरांत.

२००९ सालीं युनेस्को ह्या संस्थेनें टँगोस मानवजातीच्या वारशांत स्थान दिलें. ताजची वास्तु २६ नोव्हेंबर २००८ च्या हल्ल्यांतून पुन्हा उभी राहिली. नाच टिकला, इमारत टिकली, ह्याचा आनंदच आहे. पण बंदरावरील एकट्या मजुरांचें दुःख, कुडांतील वादकांची विद्या आणि शेतकरी स्त्रियांच्या तोंडची ओवी हीं टिकतात तीं कोणी तरी वेळेवर टिपून ठेविलें तरच. सोपानदेवांनीं आईचे शब्द टिपले म्हणून खानदेशची एक कवयित्री महाराष्ट्रास लाभली. तशी टिपणारी माणसें न लाभलेल्या किती जणी त्याच शेतांत गाऊन गेल्या असतील! घरांत अजून एखादी आजी जात्यावरचें गाणें म्हणत असेल, एखाद्या आजोबांस जुन्या नाटकाच्या किंवा तमाशाच्या फडांतील साथीदारांचीं नांवें आठवत असतील, तर घरांतील शाळकरी मुलानें वही घेऊन त्यांच्यापाशीं बसावें. आधीं गाणाऱ्याचें नांव लिहावें, आणि मग गाणें.